बूट आधी, कोट मग

माझं काम लोकांना कपडे चढवण्याचं आहे. उतरवून घेण्याचंही आहे, पण ते तसं सांगायला लाज वाटते, म्हणून कुणी विचारलं तर मी "कोटांवर आहे" एवढंच सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, ही शिंप्याकडे काजं-बटणं करत असेल. वाटू दे.

बऱ्हाणपूरच्या बाहेर पाण्याचा एक पार्क आहे. त्याच्या मागे मालकाने बर्फघर बांधलं. मोठी बंद खोली, खाली खराखुरा बर्फ, वरूनही भुरभुर बर्फ पडतो, एक घसरगुंडी, एक बर्फाचं अस्वल आणि फोटो काढायला बर्फाचं सिंहासन. उन्हाळ्यात लोक येतात ते मला समजतं. पण हिवाळ्यात पाण्याचा भाग बंद असतो आणि तेव्हा सगळी गर्दी आमच्याकडे. घरून कानटोप्या घालून, कुडकुडत, लोक आणखी थंडी घ्यायला येतात. हे मला कधी समजलं नाही, पण माझा पगार त्याच्यावरच आहे, म्हणून जास्त विचार करत नाही.

रुबीना बुटांवर, मी कोटांवर. दोघी सिंधीपुऱ्याच्या, सकाळी एकाच रिक्षाने येतो. ती बोलते, मी ऐकते. माणसांशी बोलणं मला जमत नाही. या कामात चार वाक्यांवर भागतं, म्हणून मी टिकले. हात वर. मान वर. चेन लावू का. आणि चौथं, लघवीला जाऊन आलात ना. हे चौथं बोलायला मला पहिला हिवाळा पूर्ण गेला. तोपर्यंत रुबीना माझ्या वतीने ओरडून विचारायची आणि सगळी रांग एकदम लाजायची.

बाहेरच्यांना वाटतं, कोट घातला की झालं. तसं नाही. अंगाला लागून जे असतं ते कोरडं पाहिजे. त्यावर लोकरीचं, पण सैल. सगळ्यात वर पार्काचा कोट, वारा अडवायला. या तिन्हीच्या मधे जी थोडी हवा राहते, ऊब तिची असते. एकावर एक तीन तंग स्वेटर कोंबून आलेला माणूस सगळ्यांत आधी गारठतो, आणि वर आमच्यावर चिडतो की कोट पातळ दिला. घामाचंही तसंच. बाहेरच कोट बंद करून उभं राहिलं की घाम येतो आणि आत गेलं की तोच घाम बर्फ होतो. म्हणून मी चेन दारापाशी नेऊन लावते, आधी नाही. हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण हातमोजे घातल्यावर माणसाला नाकसुद्धा पुसता येत नाही.

आणि बूट आधी, कोट मग. सुरुवातीला आम्ही उलटं करायचो. कोट घातलेली माणसं वाकू शकायची नाहीत, मग बाकावर ओळीने पाय पुढे करून बसायची आणि रुबीना एकटी सगळ्यांच्या पायांत बूट कोंबायची. त्या घाईत एका गृहस्थांना तिने दोन्ही बूट डावे घातले. ते आत गेले आणि पूर्ण वेळ गोल गोल फिरून बाहेर आले. तक्रार काही केली नाही. जाताना म्हणाले, आतली जमीन जरा एका बाजूला झुकलेली आहे, मालकाला सांगा.

नमुने पुष्कळ बघितले. केळीचे एक शेठ होते, त्यांच्या केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत. कोट पुढे केला तर म्हणाले, "बाई, आमची जिंदगी थंडीतच गेली. कोट पोराइले द्या." बुशशर्टवर आत गेले. दार पुरतं लागायच्या आत परत बाहेर. "अरे बाप्पा! इथं तर केळंसुद्धा काळं पडंल," म्हणाले, आणि दोन कोट मागून घेतले. एका आजीबाईने शालीखाली शेगडी आणली होती, पेटलेली. पहारेकऱ्याने अडवली तर भांडायला लागली, "जाळ कुठं आहे? निखारेच तर आहेत!" लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. नवरीला घागराच दिसायला पाहिजे होता, कोट नको. मी तिला घागऱ्याखाली तिच्या होणाऱ्या सासूचे दोन स्वेटर आणि सासऱ्याची लोकरी विजार घातली. फोटोत ती फार सुखी दिसते म्हणे.

एकच वाईट वाटतं. कोट परत आला की माणूस गेला. मग त्याचं पुढं काय झालं, कधी कळत नाही. इंदूबाईचंही पुढचं मला कळलेलं नाही, पण त्या दिवशी जे झालं ते सगळं माझ्यासमोर झालं, आणि थोडं माझ्या हातून.

ते पौषातले दिवस होते. लोकांना आम्ही फेरी-फेरीने, ठरल्या वेळेपुरतं आत सोडतो; सकाळच्या फेरीला डोईफोडियाकडून एक गाडी आली. पुढून एक म्हातारे उतरले. धोतर, बंडी, खांद्यावर उपरणं, हातात काठी, मिशा अशा की त्यांच्यावर टोपी टांगावी. त्यांना सगळे आबा म्हणत होते. मागून गावची चार माणसं, आणि सगळ्यात मागे एक बाई, काष्ट्याचं लुगडं, पदर नाकापर्यंत. ती इंदूबाई. आबा तिचे भासरे, म्हणजे मोठे दीर. नवरा वारलेला, म्हणून घरातला शब्द आबांचाच. गाडीत आणखी एक बाई होती, आबांची बायको. पण तिला घाटात गाडी लागली होती आणि ती नाकाला लिंबू धरून पडून होती. उतरणार नाही म्हणाली.

आबांनी खिडकीपाशी येऊन काठी आपटली. "थंडी इथंच भेटते ना?"

"हां बाबा, इथंच," रुबीना म्हणाली. "किती जणांना पाहिजे?"

"पाहिजे एकीलेच. बाकी पाहणारे."

मग त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. इंदूबाईची मुलगी ज्योती कॅनडात दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण माघात. ती आईला बोलावते आहे, कागदपत्रं होऊन गेली आहेत. पण आबांचं म्हणणं, तिकडच्या थंडीत ही जगायची नाही. इथं पौषात ही चुलीपुढून हलत नाही. विमानातून गेलेला माणूस पेटीतून परत आला तर गावाला काय सांगायचं? कुणीतरी म्हटलं, बऱ्हाणपुरात बर्फाचं घर आहे, आधी तिथं लावून बघा.

"एक फेरी पुरी, माझ्या डोळ्यासमोर, आतमधी उभी राहिली तर जाऊ दे," आबा म्हणाले. "फेरी अर्ध्यात मोडली तर नाही. दुसऱ्यांदा गाडी करून येणार नाही."

मी इंदूबाईला पडद्यामागे नेलं. पडदा ओढला आणि तिने पदर मागे टाकला, तर आत वेगळीच बाई. हसरी, बोलकी. "बाई, तुमीच माझी परीक्षा पास करा आता. पोरगी रोज फोनवर रडते. तिकडं तिले पाणी तापवून देणारं कोणी नाही. मी गेली नाही तर ती टाके घेऊन तिसऱ्या दिवशी भांडे घासन."

मी म्हटलं, हात वर.

ज्योतीने तिकडून अंगाला घट्ट बसणारे काळे गरम कपडे पाठवले होते. ते इंदूबाईने पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात जपून ठेवले होते आणि आज घालून आली होती. पण सगळ्यात वरून. ब्लाउज, त्यावर स्वेटर, त्यावर ते काळं. विजारही लुगड्यावरून चढवली होती.

"हे आतून घालतात," मी म्हटलं.

"इतकं महागाचं आतून? कोणाले दिसन?"

"थंडीला दिसेल."

ती हसत सुटली. मी सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून चढवलं. काळं आत, विजार काष्ट्याखाली, स्वेटर वर, सैल. बूट. मग बायकांचा असतो तो गुलाबी कोट, आणि गळ्यात त्या कोटाच्या नंबराचा बिल्ला. इथं अडलं. भासऱ्यांपुढे डोक्यावर पदर पाहिजे आणि कोटात पदर अडकला. शेवटी मी पदर कोटाच्या गळ्यातून बाहेर काढला आणि कानटोपीवरून नाकापर्यंत ओढून दिला. वर झाकण ठेवलेल्या रांजणासारखी ती दिसायला लागली. पण ऊब बरोबर होती.

बाहेर आले तर आबांचं रुबीनाशी चाललेलं. बूट त्यांनी घेतले, कोट घेईनात. "परीक्षा तिची आहे. मास्तर कधी पेपर सोडवतो काय?" त्यांच्या गावच्या चौघांनी मात्र कोट घेतले, टोप्या घेतल्या, एकमेकांचे फोटोही काढले. नेपानगरहून कॉलेजची सहल आली होती. आबांचं बोलणं होईपर्यंत खुंटीवर एकही कोट राहिला नाही.

आणखी एक पेच निघाला. इंदूबाई भासऱ्यांशी सरळ बोलत नाही, आबाही तिच्याशी बोलत नाहीत. मधे एक बाई लागते. ती मधली बाई म्हणजे आबांची बायको, आणि ती गाडीत लिंबू धरून.

"जा ना दीदी, तुम आत जाओ," रुबीनाने मला ढकललं. "इकडचं मी बघते."

माझ्यासारखीला निरोप सांगायला उभं करणं म्हणजे मुक्या माणसाला दवंडी द्यायला लावणं. पण दार लागलं, आणि मी नुसत्या स्वेटरवर आत.

आत निळा उजेड असतो आणि मोठ्याने गाणी. कॉलेजची मुलं नाचायला लागली. साक्षीला आणलेली चार माणसं घसरगुंडी दिसताच तिकडे पळाली, ती शेवटपर्यंत परत आली नाहीत. आबांनी चहूकडे बघितलं आणि सिंहासनाकडे गेले. त्यावर आम्ही रबराची गादी ठेवतो, त्याला कारण आहे. आबांनी ती काठीने उडवली. "गादी काय लावता, मले काय मूळव्याध आहे?" आणि बसले. इंदूबाई समोर उभी राहिली, मधे मी. तिघांत दोन हातांचंही अंतर नव्हतं, सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"तिले विचारा, कसं वाटते."

"कसं वाटतं विचारतात," मी म्हटलं.

"त्याहिले म्हना, बरं वाटते."

"बरं वाटतं म्हणतात."

"तिले म्हना, बोलाले काय जाते. हात हलवून दाखव."

इंदूबाईने हात हलवले, पाय हलवले, दोन उड्याही मारल्या. पदर हलला नाही. मला कौतुक वाटलं.

थोड्या वेळाने आबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. आधीच पांढऱ्या होत्या, त्या आणखी झाल्या. हातातली काठी टकटक वाजायला लागली.

"त्याहिले विचारा, थंडी वाजते काय," इंदूबाई म्हणाली.

"मी नाही हालत," आबा माझ्या आधीच म्हणाले. "काठी हालते."

तेवढ्यात कॉलेजच्या मुलींना सिंहासनावरचे आबा दिसले. त्यांना वाटलं, पार्कानेच राजा बसवला आहे. रांग लागली. "अंकल, थोडा स्माईल!" "अंकल, काठी वर करा ना!" आबा ताठ बसून राहिले. उठत कसे नाहीत, रागावत कसे नाहीत, मला नवल वाटलं. मुली गेल्यावर त्यांनी मला बोटाने बोलावलं.

"बाई, जवळ या. कोणाले सांगू नका. मले उठता येत नाही."

"पाय धरले का?"

"मी उठतो. धोतर उठत नाही."

गादी त्यासाठीच असते. अंगाच्या उबेने बर्फ आधी वितळतो, कपडा भिजतो, मग दोन्ही मिळून गोठतात. मी हात पुढे केला तर आबा घाबरले. "ओढू नका! धोतर इथं राहीन आणि मी उठीन."

आता पंचाईत समजून घ्या. मधेच कुणाला काही झालं तर पहारेकऱ्याला हाक मारायची असा नियम आहे. हाक मारली की तो दिवे लावतो, दार उघडतो आणि फेरी तिथंच संपते. फेरी अर्ध्यात मोडली की ज्योतीची आई गेली घरी. आणि हाक नाही मारली तर आबा त्या खुर्चीवर निळे पडत होते. त्यांचे दात वाजत होते, तरी तेही हाक मारा म्हणत नव्हते. परीक्षा घेणाराच नापास झाला असं गावात झालं असतं.

इंदूबाईने सगळं ऐकलं होतं. ती पुढं झाली. "त्याहिले म्हना, माझा कोट घ्या."

"तिले म्हना," आबांचा शब्द तुकड्या-तुकड्यांनी आला, "मरीन. पण भावजयीच्या अंगावरचं. अंगावर घेणार नाही."

त्यांच्याकडे ते फार कडक असतं. भासरा आणि धाकट्या भावाची बायको, यांचे कपडे एका दोरीवर वाळतसुद्धा घालत नाहीत.

"त्याहिले म्हना, पोरीची शपथ आहे."

"तिले म्हना, शपथा घालू नको."

मी दोघांच्या मधे उभी. मला काही सुचेना. आणि माणसाला काही सुचेनासं झालं की हात रोजचं काम करतात. मी इंदूबाईच्या गळ्यातला कोटाचा बिल्ला काढला आणि खिडकीवर म्हणते तसं म्हटलं, "कोट जमा."

तिने कोट दिला. मी तो झटकला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, हातावर घडी घेतली, जसा जमा झालेला प्रत्येक कोट घेते तसा. मग म्हटलं, "पुढचं गिऱ्हाईक."

पुढं आबाच होते. मी त्यांच्यापुढे बिल्ला धरला.

"हा कोणाचा कोट?" आबा म्हणाले.

"पार्काचा."

"आत्ता तर तिच्या अंगावर..."

"तो जमा झाला." मी बिल्ला आणखी पुढे केला. "जमा झालेला कोट कुणाचा नसतो, आबा. अर्ध्या बऱ्हाणपूरनं तो घातला आहे. तुम्ही कुणाकुणाच्या भावजया धराल?"

एवढं मी आयुष्यात कुणा पुरुषाशी बोलले नव्हते. आबा विचार करत राहिले. विचार करताना त्यांचे दात इतके वाजले की विचार लवकर झाला.

"जमा झाला ना? पुरा?"

"पुरा. हात वर."

त्यांनी हात वर केले. कोट तंग होता, चेन पोटावर अडली, मी श्वास घ्या म्हटलं, त्यांनी घेतला, चेन लागली. पायांवर मी ती रबराची गादी ठेवली. रंगाचं मी काही बोलले नाही. निळ्या उजेडात रंग कळत नाहीत.

इंदूबाई तशीच उभी होती. कोट नाही. पण आत ज्योतीचे कपडे कोरडे, वर सैल स्वेटर, आणि इथं आत वारा नाही. ती जागच्या जागी पाय हलवत राहिली आणि मला म्हणत राहिली, "त्याहिले म्हना, बोटं हालवत राहा." "त्याहिले म्हना, झोपू नका." आबा बोटं हलवत होते. "तिले म्हना, हालवून राहिलो." आता कोण कुणाची परीक्षा घेत होतं ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

फेरी संपली. गाणी थांबली, पांढरे दिवे लागले, दार उघडलं. सगळे गेले. इंदूबाई गेली नाही. "त्याहिले म्हना, ते आत आहेत तोवर मी आत आहे." मी रुबीनाला हाक मारली. तिने एका नजरेत सगळं बघितलं आणि बाहेर पळाली. चहावाल्याकडून गरम पाण्याची किटली आणली. मी सिंहासनाच्या कडेने हळूहळू ओतत गेले. इंदूबाई पाठ करून उभी राहिली. धोतर सुटलं, एक चिंधी तिथंच राहिली. आबा उठले, उपरणं कमरेला गुंडाळलं आणि काठी टेकत आमच्या पुढून चालत बाहेर गेले, कुणी सिंहासनावरून उठून जातं तसे.

बाहेर लख्ख ऊन होतं. गावची चार माणसं गाडीपाशी उभी, ओली, खूश. आबांना बघून त्यांची हसू दाबण्याची खटपट चालली. निकाल विचारायची कुणाची हिंमत होईना. इंदूबाई माझ्या मागे, पदर नाकापर्यंत. माझा खांदा तिने मागून घट्ट धरला होता.

मी कोट परत घ्यायला हात पुढे केला. आबांनी दिला नाही. त्यांनी उन्हात उभं राहून बाही बघितली, मग दुसरी बाही बघितली, मग खाली पोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तिले विचारा," ते म्हणाले, "तिकडं माझ्या मापाचा असा कोट भेटते काय?"

मी वळायच्या आधीच मागून आवाज आला. "त्याहिले म्हना, गेली की पहिलं तेच पाहीन."

"तिले म्हना, पहिलं पोरीचं बाळंतपण. कोट मागून." आबांनी चेन खाली ओढली, कोट काढून माझ्या हातात दिला आणि गाडीकडे वळले. दोन पावलं गेल्यावर थांबले.

"आणि तिले म्हना, गुलाबी नको."